निकाल सांगण्याआधी वस्तू हातात देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

गाडी आता एका दमात चालू होते आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही. किल्ली फिरवताना खांदे आपोआप आखडतात. हे तुम्हाला समोर सांगितलं असतं तर तुम्ही "होईल सवय" म्हणून हातातला पाना पुसायला घेतला असता. कुणी आभार मानायला लागलं की तुम्हाला हटकून काहीतरी पुसायचं असतं. म्हणून लिहून काढते आहे, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. यातलं बरंचसं तुमच्यासाठी आहे. जे इतरांसाठी आहे ते त्यांचं त्यांना कळेल.

आधी त्यांचंच उरकते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

गाडी बंद पडली तेव्हा कसला धडाका झाला नाही. 'फट्' असा लहानसा आवाज आला आणि इंजिन गेलं. स्टार्टर फिरत होता, उलट नेहमीपेक्षा जास्तच सहज. मदतीला आलेल्या माणसाने टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाचे वरचे-खालचे भाग एका तालात फिरवणाऱ्या दातेरी रबरी पट्ट्याचं, वरचं कव्हर जरा बाजूला ओढून आत टॉर्च मारला. पट्टा जागच्या जागी दिसला. "बेल्ट शाबूत आहे, पेट्रोल पोचत नसणार," असं जाहीर करून तो बॅटरी दमेपर्यंत स्टार्टर मारत राहिला. पुढच्या गॅरेजात फ्युएल पंप बदलला गेला. गाडी चालू झाली नाही, बिल मात्र झालं. त्यानंतरच्या ठिकाणी तर बॉनेट उघडून एक नजर टाकली आणि निकाल आला: "इंजिन संपलं. दुसरं टाका, नाहीतर भंगारात काढा." कशावरून, असं मी विचारलं. उत्तर माझ्या खांद्यावरून पलीकडे, माझ्या भावाला मिळालं. "साहेब, तुम्हीच समजावून सांगा यांना." गाडी माझ्या नावावर, चालवते मी, प्रश्न विचारला मी. भावाला बॉनेटचा खटका कुठे असतो हेही माहीत नाही. तो बिचारा शहाण्यासारखी मान हलवत उभा राहिला.

आणि या सगळ्यांच्या आधीचे ते सर्व्हिसिंगवाले. गाडी मी जुनी घेतली होती, पट्टा कधी बदलला त्याची नोंद नव्हती, म्हणून मुद्दाम बघायला सांगितलं होतं. "बघितला, चांगला आहे," असं सांगून त्यांनी कागदावर बरोबरची खूणही केली होती. तुम्हाला आठवतं ना, तुम्ही खालच्या कव्हरच्या बोल्टवरून अंगठा फिरवलात तेव्हा काय निघालं? धूळ आणि तेल मिळून झालेला घट्ट थर, कुठेही पान्याची साधी खरचटही नाही. "हे कुणी खोललेलंच नाही," एवढंच म्हणालात आणि पुढच्या कामाला लागलात. ना शिवी, ना उसासा. दुसऱ्याच्या कामाबद्दल तुम्ही त्यानंतर एक शब्द काढला नाहीत. मी काढते आहे, कारण माझ्यात तेवढी सभ्यता नाही.

गाडी ओढून घरी आणली तेव्हा मी खरं तर भंगाराची मनाची तयारी करून बसले होते. तुम्ही चप्पल अडकवून खाली आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "तू चालवत होतीस ना? मग तू सांग. आवाज कसा झाला?" इतक्या लोकांच्या हातून गाडी गेली, पण आवाजाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. स्टार्टर कसा एकसारखा सुळ्ळकन फिरतो, नेहमीचे हिसके देत नाही, तेही सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, किल्ली मागून घेतलीत आणि खिशात टाकलीत. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढलीत. "आता इंजिनाला कुणी उगीच फिरवणार नाही," म्हणालात.

मग ऑइल भरायचं झाकण उघडून मला आत बघायला बसवलंत आणि खाली पाना लावून क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा, इंचभर हलवलात. इंचभरच. "वर काही हललं?" नाही हललं. "मग पट्टा नुसता दिसायला आहे." खालचं कव्हर निघाल्यावर ते दिसलं. पट्टा तुटलेला नव्हताच, क्रँकच्या छोट्या पुलीपाशी त्याचे दात सोलून निघाले होते. वरून टॉर्च मारणाऱ्याला तो अखंड दिसणारच. रबराच्या आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, ते ओढ सहन करतात. पण दात वयाने, उष्णतेने आणि तेलाच्या ओलाव्याने गेले की दोर असून उपयोग काय? आणि तेल तर क्रँकच्या सीलमधून झिरपत होतंच.

तुम्ही वर गेल्यावर मी वाचत बसले. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमचा, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या वरच्या दांड्याचा, एक पुरा होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असेल तर प्रत्येक व्हॉल्व, म्हणजे हवा आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी झडप, सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि पिस्टन वर येण्याआधी त्याला तिथून हटावंच लागतं. आपल्या इंजिनात दोघांची जागा एकच, वेळ तेवढी वेगळी. ती वेळ सांभाळणं एवढंच त्या पट्ट्याचं काम. साखळीपेक्षा तो हलका, आवाज कमी, तेल लागत नाही. जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १९६२ मध्ये १००४ या गाडीत तो पहिल्यांदा मोठ्या उत्पादनात आणला, असंही वाचलं. पण तो कधीतरी बदलावा लागतो, आणि कंपनीच्या पुस्तकात त्याचे किलोमीटर जसे दिलेले असतात तशी वर्षंही असतात. गाडी नुसती उभी राहिली तरी रबराचं वय वाढतंच.

हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग, उतरवणं, नळ्या, वायरी, मॅनिफोल्ड यांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी केलेलं नाही त्यांना कंटाळा येईल. एवढं सांगते की हेड वर आलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यांवर व्हॉल्व आपटून नखाएवढ्या चंद्रकोरी उमटलेल्या दिसल्या. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही त्यांच्यावरून बोट फिरवून पाहिलंत, चीर नाही ना, कोर वर आलेली नाही ना. मग माझं बोट धरून तिथेच फिरवलंत. "लागतंय काही? नाही ना. हे राहू दे."

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

स्प्रिंगा दाबून सगळे व्हॉल्व बाहेर निघाले. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून तुम्ही ते ओळीने उभे केलेत, म्हणजे कुणाचा कोण हे चुकायला नको. तुमचं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं. कोणते व्हॉल्व वाकलेत ते तुम्हाला बाहेर काढतानाच कळलं असणार, कारण काही गाइडमधून, म्हणजे दांडीच्या नळीतून, निघताना अडत होते. तुम्ही काही बोलला नाहीत. घरात गेलात आणि जुन्या फोटोफ्रेमची काच काढून घेऊन आलात. ती स्टुलावर ठेवलीत, पहिला व्हॉल्व कडेला असा ठेवलात की त्याची टोपी बाहेर राहील आणि दांडी काचेवर. बोटाने एकदा फिरवलात. सरळ गेला. मग काच माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "आता तू बघ. कोणता नापास ते तू सांगायचं. मी बोलणार नाही."

आणि खरंच बोलला नाहीत. मी एकेक उचलून फिरवत गेले. काही सरळ गेले. मग एक आला त्याची टोपी डुगडुगली, दांडीखालून उजेडाची फट दिसली आणि मिटली, दिसली आणि मिटली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मुद्दाम गॅसकेटचा चुरा खरवडत बसला होतात. मी तो वेगळा ठेवला. आठांपैकी तीन नापास झाले. "तीन," मी म्हटलं. तुम्ही वर पाहिलंत, वेगळे ठेवलेले तीन बघितलेत आणि म्हणालात, "बरोबर. तीन आणू."

काका, त्या क्षणी मला रडू आलं होतं आणि तुम्हाला वाटलं की डोळ्यात पेट्रोल गेलं. तुम्ही कपडा पुढे केलात तो ग्रीसने माखलेला.

रडू का आलं तेही सांगून टाकते. "इंजिन संपलं" हे वाक्य मी तोपर्यंत कितीदा तरी ऐकलं होतं आणि त्याच्या समर्थनार्थ एकही वस्तू कुणी माझ्या हातात ठेवली नव्हती. फ्युएल पंप बदलला तेव्हा जुना मागितला तर "तो गेला कचऱ्यात" असं सांगितलं. तुम्ही मला वाकलेली दांडी दाखवलीत, म्हणजे खरं तर तेही नाही, ती मला सापडेल अशी सोय करून दिलीत. तुम्ही बोट दाखवून "हे तीन गेले" म्हणाला असता तरी मी मान्य केलंच असतं. काम अर्ध्या वेळात झालं असतं. पण मग ती गाडी तुम्ही दुरुस्त केलेली माझी गाडी झाली असती. आता ती मी आणि तुम्ही दुरुस्त केलेली आहे, आणि यातला फरक मला रोज किल्ली फिरवताना जाणवतो.

बाकीचं त्या मानाने नुसती मेहनत होती. नवे व्हॉल्व सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्यांच्या टेकायच्या जागेवर, पेस्ट लावून घासणं, तोंडावर राखाडी वलय अखंड येईपर्यंत. मनगटं भरून आली माझी. मग पोर्टमध्ये पेट्रोल ओतून थेंब झिरपतोय का बघणं. हेडवर सरळपट्टी धरून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्या, घालताना आकडे वाचायला तुम्हाला चष्मा पुरत नव्हता म्हणून ते मी वाचले: ०.०५ मिमीची पात कुठेच शिरली नाही. हेडचे नवे बोल्ट मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही नवे, कारण त्यांच्यापैकी एखादा अडकला तर नवा पट्टाही तसाच सोलला जाणार. क्रँकचं सीलही. तुम्ही जुना टेन्शनर माझ्या कानाशी धरून फिरवलात, आतली खरखर ऐकवलीत, मग फेकलात. ऐकवल्याशिवाय एक वस्तू फेकली नाहीत तुम्ही!

पुल्यांवरच्या खुणा जुळल्या, पट्टा चढला, आणि मी किल्ली मागितली. तुम्ही दिली नाहीत. "आधी हाताने दोन फेरे. इंजिनाला आपल्यापेक्षा जास्त जोर आहे, त्याला अडलेलं कळत नाही. हाताला कळतं." पाना माझ्या हातात. प्रत्येक कॉम्प्रेशनला जड होई, मग सुटे. दोन फेरे पुरे झाले, खुणा परत समोरासमोर आल्या. तेव्हा कुठे किल्ली खिशातून बाहेर आली. पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा वरचे टॅपेट क्षणभर खडखडले, ऑइल पोचलं, आणि आवाज बसला. तुम्ही "कूलंट बघ" म्हणालात. लोक अशा वेळी टाळ्या वाजवतात, काका.

हातात विद्या असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. वाईट माणसं नाहीत ती. पण बहुतेकांना ती विद्या समोरच्याच्या आणि आपल्यामध्ये भिंतीसारखी उभी करायची असते: हे तुम्हाला कळणार नाही, तुम्ही फक्त हो म्हणा. त्या फ्युएल पंपवाल्याला इंजिन कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला फक्त मी कळवून घेण्याच्या लायकीची वाटले नाही. आणि जो माझ्या भावाशी बोलला, त्याने निदान भावाला तरी काही दाखवायचं! त्यालाही नुसताच निकाल मिळाला. मी आता जिथे काम करते तिथे कुणी काही विचारलं तर उत्तर ओठांवर येतं आणि मी ते गिळते, कागद समोर सरकवते आणि म्हणते, तू बघ. वेळ जातो. माझे वरिष्ठ थोडे वैतागले आहेत. हा दोष सर्वस्वी तुमचा.

वाकलेले तीन व्हॉल्व मी ठेवून दिलेत. भावाला दाखवले, त्यानेही काचेवर फिरवून पाहिले आणि "अरे, हो की" म्हणाला. त्याला पहिल्यांदाच कळलं की तेव्हा आपण मान कशाला हलवत होतो.

आता एक काम. आपल्या शेजारच्या वहिनींची गाडी माझ्यासारखीच जुनी घेतलेली आहे, पट्ट्याची नोंद नाही, आणि त्यांनाही कुणीतरी "बघितला, चांगला आहे" असं सांगितलंय. रविवारी सकाळी कव्हर खोलून बघू, असं मी त्यांना परस्पर कबूल केलंय. तुमची कंबर धरलेली आहे असं काकू म्हणाल्या, तेव्हा वाकायचं नाही, खुर्ची टाकून बसायचं. पाना मी धरीन. टॉर्च वहिनी धरतील. आणि पट्टा चांगला की वाईट हे आपण दोघांनीही बोलायचं नाही, त्यांना सांगू दे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची