आधी मुले कुठे आहेत ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सातवीच्या मुलांना दुसरीचे वाचता येईना' ही परवाची बातमी वाचली. आमच्या गावात आपला पेपर साडेअकराच्या एसटीने येतो आणि वाचून डोके तापले की ते थंड व्हायला एक रात्र जाते, म्हणून पत्राला उशीर. बातमीत शाळेचे नाव नाही. पण 'बालाघाटच्या कुशीतील शाळा, समोर मारुतीचा पार' एवढे लिहिल्यावर नाव झाकल्याचा आव कशाला? त्या शाळेत मी १९ वर्षे पदवीधर शिक्षक होतो. सहावी ते आठवीचे गणित माझ्याकडे असे. आता निवृत्त आहे, खुलासा मागायला कोणी येणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

आपल्या बातमीदाराने 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या अहवालातला आकडा उचलला आणि आमच्या शाळेला चिकटवला. असरवाले मुलांची परीक्षा शाळेत घेतच नाहीत, घरी जाऊन घेतात. शाळेत जातात ते पट, हजेरी, पाणी, संडास बघायला. जिल्ह्यातली ३० गावे, गावातली २० घरे, असा तो नमुना. २०२४ साली देशभरात ६०५ जिल्ह्यांतली १७,९९७ गावे झाली. त्यातून जिल्ह्याचा अंदाज येतो. एका शाळेचा निकाल त्यातून काढणे म्हणजे तालुक्याच्या पावसावरून माझ्या विहिरीचे पाणी मोजण्यासारखे आहे. शिवाय घराला कुलूप असले की ते पुढच्या घरी जातात. कुलूप कोणाच्या घराला असते हे आमच्या भागात शेंबडे पोरही सांगेल.

बातमीदार आले जानेवारीत. सातवीच्या पटावर ३४ नावे, वर्गात १५ मुले. हे त्यांनी छापले, वर 'गळती' असा शब्द टाकला. गळती नाही हो, साखर कारखाने चालू आहेत! दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या भरतात त्या पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत येतात. आमच्या निम्म्या मुलांची शाळा जून ते दिवाळी एवढीच. अशा मुलांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृह असते, नाही असे नाही. पण माझ्या नोकरीत तीनदा त्याची मंजुरी डिसेंबरात आली, तोवर पोरे फडात पोचली होती.

मागे उरतात ती कोण? ज्यांची आजी घरी आहे ती. तांड्यावरची काही, ज्यांना घरी गोरमाटी ही बंजारा बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी. गावातल्या ऐपतवाल्यांची मुले सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला जातात. त्यात सरपंचांची आहेत, किराणावाल्याची आहेत, आणि खोटे कशाला सांगू, आमच्याच दोघा गुरुजींची आहेत. माझा नातूही त्याच गाडीत असतो. सुनेपुढे माझे चालले नाही.

२०१७ साली सातवीत एक मुलगी होती. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, उचल (आगाऊ मजुरी) आधीच घेतलेली, आजी वारलेली. दीड वर्षाच्या भावाला कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीवर सांभाळायला हिला नेले. जाताना मी गणिताचे पुस्तक पिशवीत टाकायला लावले. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा पुस्तकाला धुराचा वास, कव्हर गेलेले, खूण म्हणून वाळलेले उसाचे पान. ती जाण्याआधी आम्ही वर्गात घातांकापर्यंत आलो होतो. बैजिक राशींवर ती अडली होती. तिथे सांगणारे माणूस लागतेच. तो धडा सोडून तिने समप्रमाण-व्यस्तप्रमाण एकटीने सोडवले होते. पेन्सिल संपली म्हणून शेवटची उदाहरणे हिरव्या शाईत. "चिटबॉयचं पेन मागून घेतलं, गुरुजी." (चिटबॉय म्हणजे फडात उसाच्या गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहिणारा कारखान्याचा माणूस.)

मी तिला झालेल्या धड्यांवर वेगळी ४० गुणांची प्रश्नपत्रिका काढून दिली. ३१ मिळाले. तसे नोंदवहीत लिहिले. तपासणीला आलेल्या साहेबांनी लाल गोल केला आणि खुलासा मागितला: सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असताना एका विद्यार्थिनीवर मेहेरनजर का? मी तीन पाने खुलासा दिला. उत्तर आजतागायत नाही. नोंद मात्र दुरुस्त करावी लागली आणि गणितात तिची श्रेणी लागली 'इ-२', सगळ्यात खालची. आपण ज्याला शाळेचा निकाल म्हणता तो असल्या श्रेणींची बेरीज असतो. ती हिरवी शाई मला अजून दिसते.

मग नावे पटावर ठेवता कशाला, असे कोणी विचारील. स्वार्थ आहे, कबूल. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याचा, निर्णय आपणच छापला होता. त्या निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकच मंजूर नाही. मग पट्टा पडल्यावर परत आलेल्या पोरांना शिकवायला कोण, चिटबॉय?

जाता जाता आणखी एक. त्या बातमीच्या खालीच अर्ध्या पानाची एका खासगी शाळेची 'प्रवेश सुरू' ही जाहिरात होती. योगायोग असेल. पण तिच्यात 'सर्वांगिण विकास' छापले आहे, तेही दोनदा. 'सर्वांगीण', णी दीर्घ. आमच्या सातवीच्या मुलांची चूक असती तर तिचीही बातमी झाली असती. जाहिरातीचे पैसे घेताना निदान मुद्रितशोधन तरी करत जा. (रविवारच्या कोड्याचे उत्तर दोन आठवडे आलेले नाही, त्याचेही बघा.)

बातमीदाराला पुन्हा पाठवणार असाल तर ऑगस्टमध्ये पाठवा. तेव्हा सातवीत बसायला जागा नसते, दोन पोरे दारात बसतात. साडेअकराच्या एसटीने यावे, पाराजवळ उतरावे. मी तिथेच पेपरची वाट बघत असतो.

आपला,
एक निवृत्त पदवीधर शिक्षक, जि. बीड