खडीवरची चाकं

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला त्या अमेरिकन गायिकेचा, ल्युसिंडा विल्यम्सचा अल्बम आठवडाभर ऐकतेय. 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' हे नाव तीनदा सांगूनही बाबा त्याला 'तो खडीचा अल्बम' म्हणतात. ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला जाताना गाडीत तुम्हा चौघांची त्यावरून जुंपली, हे वाचून हसू आलं. एकाला ती ग्रेट वाटते, एकाला ती दारू पिऊन गातेय असं वाटतं, तिसरा म्हणतो सगळं फारच घासूनपुसून लख्ख केलंय. आणि तू म्हणे गाडी चालवत होतास म्हणून गप्प. लबाड! मत मात्र माझं विचारतोस.

तर ऐक. पहिल्या दिवशी मीही दारूवाल्याच्याच बाजूची होते. शब्द ओढत, अर्धे गिळत गाते ती. मावशी तर म्हणाली, हिला आधी झोपू द्या. पण तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना लक्षात आलं, की ती शब्द गिळते ते नेमके दुखरे. गावांची नावं मात्र कशी स्वच्छ घेते बघ. जॅक्सन, मेकन, लाफायेत, बॅटन रूज. 'लेक चार्ल्स' गाण्यातला माणूस जन्मला टेक्ससमधल्या नॅकडोचिसला, पण सगळ्यांना सांगायचा, मी लेक चार्ल्सचा. ती स्वतः तिथलीच, 1953चा जन्म. तुम्ही त्याच गावातून गेलात ना? थांबलात का नुसते पेट्रोल भरून निघालात?

'घासूनपुसून'वाल्याला माझा निरोप दे. अगदी चुकीचं नाही बोलत तो. आधीचा अल्बम 1992चा, हा आला 1998ला. ऑस्टिनमध्ये गर्फ मॉर्लिक्सबरोबर, म्हणजे तिच्या जुन्या गिटारवाल्याबरोबर, रेकॉर्ड केलं ते हिला पटेना. मग नॅशव्हिलला स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडीबरोबर पुन्हा सगळं केलं आणि शेवटचा हात लॉस एंजेलिसमध्ये रॉय बिटनने फिरवला. त्यात मॉर्लिक्सशी इतक्या वर्षांची मैत्री तुटली. यावरून हिला लोकांनी हट्टी, चिकट ठरवलं. पुरुषाने हेच केलं असतं तर 'परफेक्शनिस्ट' म्हणून मिरवलं असतं, असं आपलं मला वाटतं. पण एवढं घासूनही 'ड्रंकन एंजल' ऐकताना घसा दाटतोच. ते ब्लेझ फोलीवर आहे. 1989ला ऑस्टिनमध्ये गोळी लागून मेला तो गायक, बुटांना चिकटपट्ट्या लावून फिरणारा. ती त्याच्यावर रडत नाही, रागावते. घरच्या माणसावर रागवावं तशी.

'जॉय' मात्र मला झेपत नाही. एकच ओळ किती वेळा! बाबांना नेमकं तेच आवडतं, त्याच्यावर बोटांनी टेबल वाजवतात. ग्रॅमी 'कंटेम्पररी फोक' म्हणून मिळालं, म्हणजे देणाऱ्यांनाही हिला कुठल्या फळीवर ठेवावं ते कळलं नसणार. कंट्रीवाल्यांना ही रॉक वाटते, रॉकवाल्यांना कंट्री. आमच्या बँकेत अशा कागदांसाठी 'संकीर्ण' नावाची फाइल असायची.

खरं पत्र लिहायला बसले ते मात्र अल्बमच्याच नावाच्या गाण्यासाठी. स्वयंपाकघर, रेडिओ, अंड्यांचा-कॉफीचा वास, कुणीतरी चल म्हणतं आणि धुळकट सुटकेस निघते. पुढच्या सीटवर मोठ्यांची कुजबुज. मागे चार-पाच वर्षांचं पोर खिडकीबाहेर बघतंय, गालावर धूळ आणि आसवं. तिचे वडील मिलर विल्यम्स मोठे कवी, क्लिंटनच्या 1997च्या शपथविधीला कविता वाचली त्यांनी. पण नोकरी कॉलेजातली, आज या गावी, उद्या त्या. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत तिने हे गाणं म्हटलं आणि नंतर ते येऊन तिला म्हणाले, मला माफ कर. तोवर म्हणे तिलाच कळलं नव्हतं, की मागच्या सीटवरचं पोर आपणच.

मी माफीबिफी मागणार नाही हं. बदल्या मी मागितल्या नव्हत्या आणि तुला आजीकडे ठेवून जायचं नाही, हे माझं मीच ठरवलं होतं. पण साताऱ्याहून हिंगोलीला निघालो ती पहाट आठवली. फाटकाशी जीप आली, खडी वाजली. मिक्सरचं भांडं फुटू नये म्हणून तुझ्या मांडीवर दिलं होतं. फलटण मागे पडेपर्यंत तू शब्द बोलला नाहीस. मग विचारलंस, "आई, नवीन घराचा पत्ता पाठ करायचा का, का तोपण बदलणार?" बाबा आणि मी पुढे हळू आवाजात घरभाड्याचं बोलत होतो. मी म्हटलं, "गप झोप."

ते भांडं अजून आहे. झाकण मात्र गेलं.

हे गाणं तू मुद्दाम पहिलं पाठवलंस की आपोआप लागलं, ते मी विचारत नाही.

सुपारीची डबी मावशीच्या जावयाबरोबर पाठवते. तू मागच्या महिन्यात फ्लॅट बदललास, पण पत्ता नुसता फोनवर घाईत सांगितलास. नीट लिहून पाठव, अपार्टमेंट नंबरासकट. जुना पाठ होता मला.

तुझी,
आई