औषधाच्या बातमीत दुसरा आकडाही छापा

महोदय,

कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, दिलेल्या दर शंभर कोविड रुग्णांपैकी ८५ जण वाचले. हा आकडा खरा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एप्रिल ते जुलै २०२० या काळात देशातल्या ३९ सरकारी आणि खासगी रुग्णालयांत ‘प्लासिड’ नावाची चाचणी घेतली, त्यातला तो आहे. त्यावरून ‘प्लाझ्मामुळे ८५ टक्के रुग्ण बचावले’ असा मथळा कुणालाही देता आला असता. पण त्याच चाचणीत प्लाझ्मा न दिलेल्या दर शंभरांपैकी ८६ जण वाचले होते. हा दुसरा आकडा शेजारी ठेवला की पहिल्याला काही अर्थच उरत नाही. औषधाच्या प्रत्येक बातमीत तो छापला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

प्लासिडमध्ये मध्यम स्वरूपाचा आजार असलेले ४६४ प्रौढ रुग्ण होते. कुणाला प्लाझ्मा द्यायचा हे डॉक्टरांनी किंवा नातेवाइकांनी ठरवले नाही. संगणकाने चिठ्ठी काढावी तसे ते ठरले. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर २०० मिलिलिटरच्या दोन मात्रा २४ तासांच्या अंतराने दिल्या, २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. अठ्ठावीस दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला असे रुग्ण पहिल्या गटात ४४, दुसऱ्यात ४१. चाचणीचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला. तरीही एप्रिल २०२१ मध्ये घराघरांतल्या मोबाइलवर ‘प्लाझ्मा डोनर हवा, अर्जंट’ असे निरोप फिरत होते. केंद्राच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या महिन्यांत रुग्णाजवळ थांबण्याऐवजी किती नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारांत उभे राहिले असतील!

प्लाझ्माची कल्पना चुकीची नव्हती, वेळ चुकत होती. रुग्ण दाखल होऊन ऑक्सिजनवर जाईपर्यंत बहुतेकांच्या रक्तात विषाणूशी लढणारी स्वतःची प्रतिपिंडे तयार झालेली असतात, मग बाहेरून आणखी घालून फारसे काही साधत नाही. शिवाय गोळा केलेल्या प्रत्येक पिशवीत प्रतिपिंडे भरपूर असतीलच असे नाही. अर्जेंटिनात हीच गोष्ट उलट्या बाजूने तपासली गेली. तिथे १६० वृद्धांच्या चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत, भरपूर प्रतिपिंडे असल्याची खात्री करून प्लाझ्मा दिला गेला. श्वसनाचा त्रास गंभीर झाला तो प्लाझ्मा घेतलेल्या ८० पैकी १३ जणांना, न घेतलेल्या ८० पैकी २५ जणांना. औषध एकच, पण दिवस बदलला की निकाल बदलतो. म्हणून ‘हे औषध चालते का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाला दिले, आजाराच्या कितव्या दिवशी दिले, हे त्यात आलेच पाहिजे.

एखाद्या रुग्णालयाने ‘आमच्याकडे हे औषध दिलेले ९० टक्के रुग्ण बरे झाले’ असे सांगितले तर त्यात खोटे काही नसते, तरी फसगत होते. विषाणूची वाढ रोखणाऱ्या रेमडेसिव्हिरचेच पाहा. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम आणि पुढचे चार दिवस रोज १०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. प्रत्येक कुपीतली पूड १९ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, सलाइनमध्ये मिसळायची आणि अर्धा ते दोन तास शिरेतून सोडायची. दुसऱ्या लाटेत या सहा कुप्या जमवायला नातेवाइकांचे एक-दोन दिवस सहज जात. ज्या रुग्णाचा पहिल्याच रात्री मृत्यू झाला, त्याची नोंद ‘औषध न घेतलेले’ या रकान्यात. जो तिसऱ्या दिवसापर्यंत तग धरून राहिला, तो ‘औषध घेतलेले’ या रकान्यात. म्हणजे कुपी फुटण्याआधीच औषधाच्या रकान्यात तगडे रुग्ण गोळा झालेले असतात. त्यातून ज्यांच्या घरच्यांकडे पैसा आणि ओळखी, त्यांनाच औषध मिळते, आणि त्यांना बाकीचे उपचारही बरे मिळतात. नंतर कितीही बारकाईने हिशेब केला तरी ही गुंतवळ पुरती सुटत नाही. चिठ्ठी काढून गट पाडले तरच ती मुळात होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीने असे गट पाडले. भारतातले तिचे काम पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सांभाळले, ही आपल्या वाचकांना माहीत असायला हवी अशी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिचे अंतरिम आकडे आले: रेमडेसिव्हिर दिलेल्या २,७४३ रुग्णांपैकी ३०१ मृत्यू, न दिलेल्या २,७०८ पैकी ३०३. पुढे २०२२ च्या अंतिम निकालात व्हेंटिलेटरवर नसलेल्यांना थोडा फायदा दिसला, व्हेंटिलेटरवर असलेल्यांना नाही. आणि दुसऱ्या एका चाचणीत ज्यांना दाखल करण्याची गरजच पडलेली नव्हती, पण ज्यांचा आजार वाढण्याचा धोका मोठा होता, अशांना सुरुवातीच्या दिवसांत तीन मात्रा दिल्या तेव्हा दाखल होण्याचे प्रमाण ५.३ वरून ०.७ टक्क्यावर आले. विषाणूची वाढ रोखणारे औषध विषाणू वाढत असतानाच द्यायला हवे. आपल्याकडे ते व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी काळ्या बाजारात शोधले गेले.

सगळ्यात जास्त जपून वाचायला हवा तो डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निकाल, कारण त्याचा अर्धाच भाग लोकांपर्यंत पोहोचला. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस हे औषध दिले आणि ४,३२१ जणांना दिले नाही. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, म्हणजे दर आठ रुग्णांमागे साधारण एक जीव वाचला. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये ते २६.२ वरून २३.३ वर आले. तिसरी ओळ मात्र मथळ्यात आली नाही. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांच्यात औषध न घेतलेल्यांचे मृत्यू १४ टक्के, घेतलेल्यांचे १७.८. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे अपाय सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पण फायदा दिसला नाही आणि आकडा उलट्या दिशेला गेला, एवढे नक्की.

याचे कारण आजाराच्या घडणीत आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्याशी झुंजत असते. स्टिरॉइड त्या प्रतिकाराला लगाम घालते. पुढे काही रुग्णांत तीच प्रतिकारशक्ती बेफाम होऊन फुप्फुसांना सुजवते, तेव्हा हा लगाम जीव वाचवतो. ‘कोरोनावर स्टिरॉइड गुणकारी’ एवढेच वाचलेल्या माणसाने ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बोटावरचा ऑक्सिमीटर ९७ दाखवत असताना गोळ्या सुरू केल्या तर त्याला लाभ काहीच होत नाही. रक्तातली साखर वाढते ती वेगळीच. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांत ताब्यात नसलेला मधुमेह आणि गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिलेले स्टिरॉइड पुन्हा पुन्हा आढळत होते. नाकाच्या पोकळ्यांत, डोळ्यांत पसरणाऱ्या त्या बुरशीसाठी जबडे आणि डोळे काढावे लागले. त्या तिसऱ्या ओळीला मथळ्याइतकीच जागा मिळायला हवी होती, असे आम्हांला फार वाटते.

आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाबद्दल थोडक्यात. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरील सर्वांना पाच दिवस रोज १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. त्या काळात ज्या अभ्यासांच्या आधारे हे औषध उचलले जात होते, त्यातला इजिप्तचा एक मोठा अभ्यास नुसताच संकेतस्थळावर ठेवलेला होता, तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेला नव्हता. आकडेवारीत गंभीर दोष आढळल्यावर जुलै २०२१ मध्ये तो काढून टाकला गेला. ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पुढे फायदा दिसला नाही. तज्ज्ञांची तपासणी झाली म्हणजे सगळे निर्धोक, असेही नाही. ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या हिवतापावरच्या औषधाचा ९६ हजार रुग्णांचा अभ्यास २२ मे २०२० ला छापला आणि ४ जूनला मागे घेतला, कारण त्यामागची मूळ माहिती कुणालाच तपासायला मिळेना.

आपल्याकडे औषधाची बातमी आली की वार्ताहराने पाच गोष्टी विचाराव्यात: औषध न घेतलेल्यांचे काय झाले, गट कसे पाडले, औषध आजाराच्या कितव्या दिवशी दिले, मोजले ते मृत्यू की नुसता चाचणीचा अहवाल निगेटिव्ह येणे, आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक काय. भारतात चाचणी सुरू करण्याआधी ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदवणे २००९ पासून बंधनकारक आहे. प्लासिडचा क्रमांक सीटीआरआय/२०२०/०४/०२४७७५. त्यातले २०२० हे वर्ष आणि ०४ हा महिना. हा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की संशोधकांनी आधी काय मोजायचे ठरवले होते ते कुणालाही फुकट पाहता येते, आणि निकाल लावताना मोजमाप बदलले असेल तर तेही कळते. बातमीच्या शेवटी हा क्रमांक छापायला एक ओळ पुरते. ती ओळ आपल्या दैनिकाने सुरू करावी, ही विनंती.

आपले,
वैद्यकीय चाचण्यांच्या आकडेवारीचे काम करणारे दोन वाचक, पुणे