सर्वेक्षणाची लिंक आणि दहावीचे गणित

महोदय,

ऑनलाइन सर्वेक्षणातून गणित शिकवण्याच्या उपक्रमाचे कौतुक आपल्या कालच्या अंकात वाचले. मुले त्यात रमतात हे खरे आणि धडपडणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदरच आहे. पण वृत्तालेख (वर्तुळाचे भाग करून काढलेला आलेख, पाय चार्ट) 'क्षणात तयार होतो' हा त्यातला गुण म्हणून सांगितला आहे, तो वाचून राहवेना. मी आयुष्यभर गणितच शिकवले.

माझी नात दहावीत आहे. 'तुम्ही कामावर कशाने जाता?' असा गुगल फॉर्म त्यांच्या वर्गाने केला. लिंक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली, 40 उत्तरे आली, त्यात बसने जाणारे 6. रंगीत चित्र आपोआप उमटले, त्याची प्रिंट वहीत चिकटली, गुणही मिळाले. वर्तुळातल्या बसच्या भागाचा केंद्रीय कोन किती, असे मी विचारले, तर तिला सांगता येईना. 6 भागिले 40 गुणिले 360, म्हणजे 54 अंश. एवढे करायला आणि कोनमापक धरून काढायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटेच कोणी दिली नाहीत! बोर्डाच्या पेपरात फॉर्म नसतो.

खाली निष्कर्ष होता: 'नाशिकचे 85 टक्के लोक बस वापरत नाहीत.' अहो, हे गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचे उत्तर झाले. निमाणी बसस्थानकावर सिटीलिंक बसची वाट बघणारे, अंबड-सातपूरला पहिल्या पाळीला जाणारे, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, यांच्यापर्यंत ती लिंक गेलीच नव्हती. आणि बाईंनी त्यावर लाल शाईने 'छान' लिहिले होते.

1936 साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांवर मतपत्रिका भरून आल्या, तरी अध्यक्षपदाचा त्यांचा अंदाज साफ कोसळला. नावे घेतली होती टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या, म्हणजे सुखवस्तू लोकांच्या याद्यांतून. त्यांच्या अंदाजात हरणारे रूझवेल्ट प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्ये जिंकले. लांबचे कशाला, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात नजरअंदाजाऐवजी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, शेते निवडून पीककापणीचे प्रयोग करवले. पैसेवारीवरून (पीक किती आले याच्या सरकारी अंदाजावरून) दरवर्षी भांडणाऱ्या आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना हे लगेच कळेल. लिंक पाठवण्याआधी मुलांना बसथांब्यावर नेऊन वहीत ताळ्याच्या खुणा करायला लावा. कोणाला विचारायचे राहिले, हे त्यांना तिथेच दिसेल.

जाता जाता आपल्याबद्दलही. रविवारच्या पानावर वाचकांचा ऑनलाइन कौल टक्क्यांत छापता, पण किती जणांनी उत्तरे दिली ते कधीच देत नाही. दहांतले सात आणि दहा हजारांतले सात हजार, दोन्ही सत्तरच टक्के. पुढच्या रविवारपासून तो आकडा छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, नाशिक