दिल्याला पत्र

प्रिय दिल्या,

तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, साखर आटोक्यात आहे. फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलो. सुमनला फोटो दाखवले, तिला आवडले. पण मला जे दिसलं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

स्पेनमधल्या ग्रानादाहून आमचा ग्रुप आल्पुहारात गेला. सिएरा नेवादाचा हा दक्षिण उतार. वर मुलासेन शिखर, ३,४७९ मीटर. पोकेइरा नदीच्या दरीत एकावर एक तीन गावं: खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबिऑन, वर कापिलेइरा. घरं पांढरीशुभ्र, आणि वर चक्क आपल्यासारखं मातीचं सपाट धाबं! चेस्टनटच्या तुळया, त्यावर पातळ दगडी फरश्या आणि वर 'लाउना' म्हणतात ती करडी माती. पावसाच्या तोंडावर माय धाब्यावर खारी माती टाकायची आणि आपण दोघं पाट्या पोचवायचो, ते तिथे उभ्याउभ्या आठवलं.

कापिलेइराच्या वर एक म्हातारा भेटला. पाटाच्या तोंडाशी त्याने दगडाची फरशी उचलली, गवताचं ढेकूळ उलटं करून फटीत दाबलं, टाचेने ठोकलं. पाणी क्षणभर फुगलं आणि गुपचूप दुसऱ्या पाटाला लागलं. दिल्या, तो पाटाचं पाणी फिरवणाऱ्या नानांचाच हात होता रे! मला भरून आलं. ग्रुपमधल्या लोकांना वाटलं उंचीमुळे त्रास होतोय. जोशीकाकूंनी तर तोंडात आवळासुपारीच कोंबली. (याच काकूंनी त्रेवेलेसला, जिथे छताला डुकराच्या मांड्या सुकत टांगलेल्या असतात, दुकानदाराला गोडा मसाला हुंगायला दिला. त्याला एवढा आवडला की पुडी ठेवून घेतली.)

त्या पाटांना असेकिया म्हणतात. अरबांच्या काळातले. काही पाट तर पाणी शेतात नेतच नाहीत. वसंतात बर्फ वितळलं की ते पाणी उंचावरच्या ठरलेल्या जागी सोडून डोंगरात मुरवतात. तेच पुढे उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना येतं. १५६८ मध्ये तिथल्या मोरिस्कोंनी, म्हणजे बळाने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, बंड केलं. ते मोडल्यावर त्यांना हाकललं आणि बाहेरून लोक आणून वसवले. पण गाइड सांगत होती, प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं ठेवायची असा हुकूम होता, नव्यांना पाट आणि बांध दाखवायला. ज्या राजाला ते डोळ्यांसमोर नको होते, त्यालाही पाण्याचा माहीतगार सोडवेना! पुढे विसाव्या शतकात पोरं शहरात गेली आणि कितीतरी पाट बुजले. आता ग्रानादा विद्यापीठाचे लोक स्वयंसेवक घेऊन ते उकरतात, तेव्हा वाट दाखवायला गावातले म्हातारेच लागतात.

आता मुद्द्याचं. दादा फडातलं, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर एकत्र भिजणाऱ्या पट्ट्यातलं, रान विकतोय. माझी सही मागतोय. पैशाची अडचण मला कळते, पण घेणारा बाहेरचा आहे. तो बोअर मारणार, डाळिंब लावणार. एका फडात एकच पीक असतं म्हणून तर पाटकरी एका पाळीत सगळा फड भिजवतो. मध्येच एकाने डाळिंब, दुसऱ्याने कांदा लावला की पाळी कशी बसवणार? मोटारी आल्या की बंधाऱ्याचा गाळ काढायला कोण येणार आणि पाटकऱ्याला धान्य कोण मोजणार? आपल्या पांझरा नदीवर असे बंधारे तीनशे वर्षांवर चालले, आणि आपल्या पिढीत कागदावर सह्या होऊन संपायचे? मला रात्री झोप नाही रे.

तू दुकान टाकलंस तेव्हा आपण भांडलो होतो. "पाटकऱ्याला पोरगी कोण देतं?" असं तू म्हणालास आणि बोलणं बंद केलंस. मी आजही म्हणतो, तू नानांचं काम सोडायला नको होतंस. पण ते राहू दे. पाट तुला अजूनही पाठ आहे, आणि नाना अजून चालतात. उन्हं उतरली की एकदा त्यांना घेऊन बंधाऱ्यापासून शेवटच्या चारीपर्यंत जा. आमच्या पिंट्यालाही बरोबर ने. कुठे गळती लागते, कुठला दगड हलवायचा नाही, ते त्यांच्या तोंडून वहीत उतरवून घ्या. विद्यापीठाचे लोक यायची वाट कशाला बघायची?

सोनूचं जमलं का? मुलगा नाशिकचा असेल तर मी चौकशी करतो. वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन दिवाळीआधी उरकून घे, आणि दुकानाची उधारी आता वाढवू नकोस. नानांना नमस्कार सांग. मी गणपती झाले की येतो. तोवर दादाला बोलण्यात गुंतवून ठेव, काही झालं तरी त्याला इसार घेऊ देऊ नकोस.

तुझा,
सुभाष