उभ्याने वाजवायचा ड्रम

सोलापूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

जूनमध्ये जुना ड्रम घेतल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तू हसून म्हणालास, "भंगार घेतलास बे." मी गप्प बसलो, कारण तेव्हा ते भंगारच होतं. आता पाच महिन्यांनी सगळं नीट लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्ये मध्ये बोलतोस.

बाळीवेशीकडे एका बँडवाल्याचं जुनं घर पाडत होते. माळ्यावरचं सामान अंगणात काढलं होतं: चेपलेली ट्रम्पेटं, लाल डगले, आणि कोपऱ्यात एक उंच पिंप. त्यात त्यांनी शेंगदाण्याची पोती बांधायच्या सुतळ्या भरून ठेवल्या होत्या. मी हात फिरवला तर वरून मोतिया प्लास्टिक, बाजूला लग, म्हणजे बोल्ट बसायचे धातूचे खुंट, आत लाकूड. व्यास सोळा इंच, उंची चोवीस. सेटमधला जमिनीवर उभा राहणारा मोठा ड्रम, फ्लोअर टॉम, इतका उंच कुठे असतो? शिवाय अंगावर छोट्या टॉमची आणि झांजेची क्लिप. साडेचार हजारांना घेतला. घरी आणल्यावर हिने विचारलं, "धान्य भरायला का?"

तो कॉकटेल ड्रम आहे बे. १९४०-५० च्या दशकांत विलायत-अमेरिकेतल्या छोट्या हॉटेलांत हे चालायचे. जिथे पियानो ठेवला की जागा संपते, तिथे अख्खा ड्रमसेट मावायचा नाही. म्हणून एकाच उंच शेलमध्ये, म्हणजे लाकडी खोळीत, सगळं. वरच्या पानाखाली तारा, तो झाला खरखरणारा स्नेअर. खालचं पान तो बास, त्याला पेडलचा गोळा खालून वर बसतो. आणि वाजवणारा उभा! स्टूल नाही. एका हातात ब्रश, चेहरा गिऱ्हाइकांकडे. नावाची गंमत बघ. आपल्याकडे १९४९ साली मुंबईचा दारूबंदी कायदा झाला, सोलापूर तेव्हा मुंबई प्रांतातच. म्हणजे हा गडी आपल्या मुलखात आला असेल तेव्हा कॉकटेल नावापुरतंच, वाजवणाऱ्याच्या हातात सोडा-लिंबू.

कंपनीचा बिल्ला पडलेला होता, दोन बारीक भोकं तेवढी उरली होती. त्यामुळे कुळ शोधायला वेळ लागला. कुळ कळलं ते बोल्टांच्या आट्यांवरून, आणि हा भाग तुला सावकाश सांगणार आहे.

पानं ताणून धरणाऱ्या दहा बोल्टांपैकी चार गायब. नवे ड्रमचे बोल्ट मागवले, अमेरिकन आट्यांचे. दोन फेरे जातात आणि अडकतात. मेट्रिक लावून बघितले, ते सैल. एका दुकानात पोरगा म्हणाला, "काका, पान्याने जोर लावा, जाईल आत." मी जोर लावला असता तर लगमधले पितळेचे आटे साफ झाले असते, आणि तसले लग आज मिळत नाहीत. मी बोल्ट खिशात टाकले आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गेलो. तिथे एका शेडमध्ये एक म्हातारे काका लेथवर बसतात. मिल बंद पडेपर्यंत जॉबर, म्हणजे मागांचं बघणारे मुकादम, होते. त्यांनी बोल्ट नखावर फिरवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे व्हिटवर्थ हाय. मागाचं सामान कुठून काढलास?"

मागाचं नव्हे काका, ड्रमचं म्हटलं. त्यांना फरक पडला नाही. त्यांनी खणातून आटे मोजायची पट्टी काढली, ती पात्यापात्यांची असते ना, ती. एक पातं चपखल बसलं. मग त्यांनी मला शिकवलं: व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा आणि अमेरिकनचा ६० अंश. आटेच जुळत नाहीत, म्हणून बोल्ट दोन फेरे जातो आणि मग दगा देतो. १८४१ साली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने हे माप बांधून दिलं, आणि तिथली यंत्रं जगभर गेली तसे हे आटेही गेले. आपल्याकडे १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून विलायती यंत्रांचे बोल्ट बनवता-बनवता इथल्या तीन पिढ्यांचे हात झिजले. काकांकडे त्या मापाचे आटे पाडायचे टॅप आणि डाय अजून तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले आहेत. पॉवरलूमवाल्यांना ते लागत नाहीत. म्हणजे माझा ड्रम इंग्लिश, हे मला कुठल्या कॅटलॉगने नाही, मिलच्या जॉबरने सांगितलं.

त्यांनी चार बोल्ट लेथवर काढून दिले, बाकीच्या सहांचे आटे साफ केले, आणि लगमध्ये टॅप हाताने फिरवला. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, थेंबभर तेल. मशीन लावलं नाही. पैसे विचारले तर म्हणाले, "वाजवून दाव." तुला सांगतो, मी रस्त्यात गाडी थांबवून पाच मिनिटं नुसता उभा होतो.

बाकी डागडुजी भराभर सांगतो. रिमांवर, म्हणजे पान दाबून धरणाऱ्या कड्यांवर, गंज होता. पुन्हा क्रोम करा असं दोघांनी सुचवलं, मी ऐकलं नाही. नवं क्रोम चढवायचं तर आधी धातू घासून काढतात, कडा गोल होतात, आणि जुनी वस्तू नवीन बोहल्यावर चढल्यासारखी दिसते. त्यापेक्षा डब्यातल्या पोळ्यांचा फॉईल चुरगाळला, पाण्यात बुडवला आणि घासला. बराच गंज निघतो, क्रोमला ओरखडा येत नाही. जे खड्डे पडले ते पडले. आपल्याही तोंडावर देवी-कांजिण्यांचे आहेतच.

मोतिया आवरण मूळ पांढरं, आता तुपाच्या रंगाचं झालंय. लग काढले तर त्यांच्याखाली दहा पांढरेशुभ्र चौकोन निघाले. त्यावरून कळलं, बाई तरुणपणी कशी दिसायची. सांध्यावर ते सुटलं होतं. सुतार म्हणाला, हीट गन मारून चिकटवतो. मला शंका आली. आतल्या बाजूचा नखाएवढा तुकडा काढला, अंगणात चिमट्यात धरून काडी लावली. भुर्रकन! राखही उरली नाही. सेल्युलॉइड आहे ते, जुन्या सिनेमाच्या रिळांचं असायचं तसलं. सुताराने हीट गन मारली असती तर ड्रम आणि सुतार दोघांचं एकदमच झालं असतं. साध्या गोंदाने चिकटवून वरून पट्टे बांधून दोन दिवस ठेवला.

कड तपासायची युक्ती मात्र तुला आवडेल. पान ज्या कडेवर बसतं ती सपाट नसेल तर सूर कधीच लागत नाही, कितीही बोल्ट पिळ. शेल उलटा करून स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला, आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि रात्री दिवे मालवले. जिथून उजेड झिरपतो तिथे कड बसलेली. तीन ठिकाणी झिरपत होता. ओट्यावर सँडपेपर चिकटवला आणि शेल गोल गोल फिरवत घासला, चार रात्री. शहाबादी फरशीवर का नाही केलं असं ही विचारत होती. फरशी सपाट नसते गं, असं म्हणालो. त्यावर तिने ओटा पुसायचं काम कायमचं माझ्याकडे दिलं.

आता पानं. आजचं सोळा इंची प्लास्टिकचं पान आणलं, तर त्याची रिंग शेलवर जाईचना. जुन्या विलायती ड्रमांच्या काही मापांत हा घोळ आहे, दोन-तीन मिलिमीटर जास्त भरतात. कड तासून बारीक करा असा सल्ला मिळाला. मी म्हटलं, बूट होत नाही म्हणून पाय कापायचा का? प्लास्टिकची पानं आली १९५० च्या दशकाच्या शेवटाला, त्याआधी सगळे ड्रम कातड्याचेच होते. मग गेलो आपल्या हलगीवाल्याकडे. तोच, गणपतीच्या लेझमाला ज्याच्याकडून आपण हलग्या घ्यायचो. आता त्याचा पोरगा बसतो.

त्याने बकऱ्याचं कातडं रात्रभर भिजवलं. लोखंडी रिंगवर ते ताणून, चमच्याच्या दांड्याने कड आत खोचत गेला. ओलं असतानाच शेलवर चढवून रिम अर्धा इंच खाली ओढायला लावली, म्हणजे वाळल्यावर कातड्याला खांदा राहतो, पाऊस-पाण्यात ढील पडली तर पिळायला जागा उरते. दोन दिवस सावलीत ठेवला. उन्हात वाळवू नका म्हणाला, टरकतं. आपण पेपर पेटवून हलगी तापवायचो आणि तू एकदा भर मिरवणुकीत पान जाळलंस, ते मी त्याला सांगितलं. त्याच्या बापाने ते आधीच सांगून ठेवलेलं होतं.

तारा लावून पहिल्यांदा वाजवला तर काय, खालच्या पानावर नुसती चापट मारली तरी वर तारा खरखरतात. धुम् ऐवजी धुम्खर्र. पंधरा दिवस डोकं खाजवलं. मग एकदा आत हात घातला तर मधोमध गोंदाची जुनी रेघ लागली, सगळीकडून गोल. बाहेरून वारा जायला दोन भोकं आहेत, एक रेघेच्या वर, एक खाली, आणि मी इतके दिवस विचार करत होतो की दोन कशाला? मधे पडदा होता! काही कॉकटेल ड्रमांत तसा असायचा, वरची खोली वेगळी, खालची वेगळी, म्हणून प्रत्येकीला आपली खिडकी. प्लायवूडची थाळी कापून बसवली. खरखर पूर्ण गेली नाही, पण आता ती फोडणीत हिंग असावा इतपतच आहे. खालच्या पानाला टॉवेलची एक पट्टी आडवी लावली. टॉवेल कुठला ते विचारू नकोस, सोलापुरात राहतो मी.

पेडल मूळचं नव्हतंच. नेहमीचं पेडल गोळा समोर फेकतं, इथे खालून वर हवा. काकांनी सी-सॉ करून दिला: लोखंडी पट्टी, मधे आस, एका टोकाला पाय, दुसऱ्या टोकाला नमद्याचा गोळा, परतायला मागाची स्प्रिंग. जरा जड आहे. जलद डबल निघत नाही. पण ठेका धरतो.

आता मूळ मुद्दा. मणक्याच्या ऑपरेशनपासून तुला स्टुलावर बसवत नाही, म्हणून तू सेट विकलास. मला सांगितलंही नाहीस, वहिनींकडून कळलं. हा ड्रम मी माझ्यासाठी घेतला असं तुला वाटत असेल तर तू येडा आहेस. मला साधा दादरा धड वाजवता येतो का?

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला ये. तीन पाय आहेत, बटरफ्लाय नटाने वर-खाली होतात, पण पेडलची दांडी एकदाच कापायची आहे आणि काका अंदाजाने कापत नाहीत. वरचं पान बेंबीच्या जरा खाली यायला हवं. तेव्हा चपला घालून भिंतीला टेकून सरळ उभा राहा, वहिनींना टेप धरायला सांग, आणि जमिनीपासून बेंबीपर्यंत किती ते इंचात कळव. पोट आत ओढू नकोस.

तुझा,
पम्या

ता. क. गोळा उजव्या पायाला की डाव्या, तेही लिही. शाळेत तू लेझमीला डावा पाय आधी टाकायचास.