तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या दरीत एक तासाची बॅटरी पुरत नाही

माननीय मंत्री,
विज्ञान, नवोपक्रम आणि तंत्रज्ञान विभाग, लंडन

नमस्कार. मी इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंडमध्ये, रॉथबरीच्या पुढे दरीतल्या एका छोट्या गावात राहते. केअररचं काम करते, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची औषधं, आंघोळ, खाणंपिणं बघते. आमच्या लँडलाइन फोनबद्दलचं इंग्रजी पत्र पॅरिश कौन्सिलकडून तुम्हाला गेलंय. हे मराठीत लिहितेय कारण इथल्या खेड्यांमध्ये माझ्यासारख्या कामाला आलेल्या आपल्या मुली आहेत, त्यांनीही आपापल्या पॅरिशमध्ये हा विषय काढावा. (पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायतच समजा, पण अधिकार फार थोडे.)

या महिन्याच्या पॅरिश पत्रकात नेहमीच्या बातम्या होत्या, हॉलचं गळकं छप्पर, ओढ्याकडची पायवाट, बुधवारची कॉफी मॉर्निंग, आणि सगळ्यात खाली चार ओळी की जानेवारी 2027 संपेपर्यंत जुनी फोनलाइन देशभर बंद होणार आणि सगळे लँडलाइन ब्रॉडबँडवर जाणार. एरवी पॅरिशच्या मीटिंगला सहा-सात माणसं येतात, या वेळी खुर्च्या कमी पडल्या.

जुन्या फोनला करंट टेलिफोन एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेतूनच येतो, त्यामुळे घरातली लाइट गेली तरी तो चालू राहतो. नवा फोन राउटरला जोडलेला, आणि राउटर घरच्या लाइटवर. लाइट गेली की फोन पण गेला. शहरात लोक मोबाइल काढतील, पण आमच्याकडे रेंजच नाही, मला घरी आईला कॉल करायचा तर चर्चमागच्या चढावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि लाइट फार वेळ गेली की टॉवरही बंद पडतो.

ऑफकॉमचं (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी इथली संस्था) म्हणणं असं की ज्यांना लँडलाइनशिवाय दुसरा आधार नाही त्यांना लाइट गेल्यावर निदान एक तास इमर्जन्सी कॉल लावता आला पाहिजे, तेवढी सोय, म्हणजे बॅटरी वगैरे, फोन कंपनीने करावी. एक तास हो! नोव्हेंबर 2021 मध्ये आर्वेन वादळ आलं तेव्हा मी इथे नवीनच होते. साधारण दहा लाख घरांची लाइट गेली होती आणि जवळपास 4,000 घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती. आमच्याकडे पाचव्या दिवशी लाइट आली. रस्त्यात झाडं आडवी, गाडी निघेना, मी बर्फातून चालत एकेका घरी जात होते, आणि ज्यांच्या घरी पोचता येत नव्हतं त्यांना जुन्या लँडलाइनवरून फोन करून विचारत होते की चूल पेटतेय ना, गोळ्या घेतल्या ना. त्या पाच दिवसांत तो फोन नसता तर कोण कसं आहे हे मला कळलंच नसतं.

आमच्या चौकातली लाल फोनपेटी पॅरिशने एक पाउंडाला घेतली आणि गावाने पैसे जमवून आत डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र, बसवला. त्याच्या कपाटाला कुलूप आहे, आणि कोड मिळतो 999 ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन केल्यावर. मग फोनच बंद असला तर? हा प्रश्न मीटिंगमध्ये एका शेतकऱ्याने विचारला आणि सगळे गप्प झाले.

मी ज्यांच्याकडे कामाला जाते त्या एका आजींच्या गळ्यात मदतीचं बटण आहे, 86 वर्षांच्या, एकट्या राहतात. ते बटण दाबलं की लँडलाइनवरूनच कॉल जातो. त्यांच्या फोन कंपनीचं लाइन बदलण्याबद्दल पत्र आलं त्यात बटणाबद्दल एक अक्षर नव्हतं, बॅटरी मागून घ्यावी लागते हेही नव्हतं, मी स्वतः पाऊण तास फोनवर थांबून ते विचारून घेतलं. ज्यांच्याकडे केअरर नाही त्यांच्यासाठी हे कोण विचारणार?

नवी लाइन नकोच असं आमच्यापैकी कोणी म्हणत नाही. तांब्याची तार जुनी झालीय, बिघडली की भाग मिळत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे एका तासाऐवजी निदान चोवीस तास चालणारी बॅटरी सक्तीची करा, ती न मागता घरी पोचू दे, आणि बटण घातलेल्या माणसाची लाइन बदलायच्या आधी कोणीतरी घरी येऊन ते बटण दाबून बघू दे. गावात एक जागा, म्हणजे आमचा हॉल, लाइट नसतानाही फोन लागेल अशी करून द्या. जनरेटर ठेवायला जागा आम्ही देतो.

आजींच्या घरी लाइन बदलायला माणूस पुढच्या महिन्यात येणार आहे. त्या दिवशी मी सुट्टी घेऊन तिथे थांबणार आहे. त्याआधी तुमचं उत्तर यावं एवढी विनंती.

आपली,
रॉथबरीजवळच्या पॅरिशमधली एक केअरर